गुलाबी गेंड्याचा डावा खांदा

परवा व्हिडिओवर बोलताना तुम्ही दोघांनी माझ्या मागच्या भिंतीवरचा एक फोटो बघितलात आणि विचारलंत, "आजी, तो पिंक कपड्यांतला, हरलेला जाडा माणूस कोण?" तुमचा बाबा हसायला लागला, तेवढ्यात तुमच्याकडे जेवायची वेळ झाली आणि विषय तिथेच राहिला. मला अर्धवट राहिलेले विषय आवडत नाहीत, म्हणून हे लिहिते आहे. मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत तुम्ही भराभर वाचून टाकाल. मराठी तुम्हाला सावकाश वाचावं लागेल, आणि हा माणूस सावकाश वाचण्यासारखाच होता.

तुमच्या प्रश्नात दोन चुका आहेत. तो जाडा नव्हता, पैलवान होता. दुसरी चूक शेवटी सांगते.

त्याचं नाव मी लिहिणार नाही. तो म्हणायचा, "नाव आईबापांनी दिलंय, ते मातीतल्या कुस्त्यांपुरतं. या धंद्यात ते वापरायचं नाही." सोसायटीत सगळे त्याला पैलवान म्हणत. जाहिरातीच्या कागदांवर तो 'गुलाबी गेंडा' असे. समोर मी त्याला अहो-जाहो करत असे. इथे 'तो' लिहिते, कारण तो माझा विद्यार्थी होता आणि विद्यार्थ्यांबद्दल मी अशीच लिहिते.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत तो तळमजल्यावर भाड्याने राहायला आला, तेव्हा तुमचा बाबा शाळेत होता. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि संध्याकाळी घरी शिकवण्या घेत होते. पैलवानाशी माझी ओळख झाली ती स्कूटरमुळे. पार्किंगमध्ये कुणी गाडी वाकडी लावली की तो ती दोन्ही हातांनी उचलायचा, सरळ करून ओळीत ठेवायचा आणि म्हशीला मारतात तशी सीटवर एक चापट मारायचा. आमच्या पार्किंगमध्ये तोपर्यंत शिस्त नावाची वस्तू नव्हती. मला हा माणूस पहिल्या दिवशीच आवडला.

सगळ्यांनाच आवडला असं नाही. महिन्याभरात सेक्रेटरींनी फळ्यावर लिहिलं, 'पैलवानांनी जिन्यात बैठका काढू नयेत. जिना सोसायटीचा आहे.' दुसऱ्या दिवशी खाली मोठ्या गोल अक्षरात उत्तर होतं, 'जिन्याला विचारूनच काढल्या आहेत.' तुमचे आजोबा हवामान खात्यात होते आणि कशालाही सहसा हसत नसत. त्या फळ्यासमोर मात्र ते बराच वेळ उभे होते.

पैलवान पेठेतल्या एका जुन्या तालमीत लहानपणापासून घडलेला. तिथले वस्ताद म्हणजे त्याचे गुरू. त्यांनीच त्याला खाऊपिऊ घालून वाढवलेलं. पुढे मोठ्या मैदानात लढेल, गदा आणेल असं सगळे म्हणत होते, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी त्याचा उजवा गुडघा मोडला. डॉक्टरांनी सांगितलं, चालाल, पळालही, पण कुस्ती विसरा. तो म्हणायचा, "मॅडम, दुसरं काही येत असतं तर विसरलो असतो."

त्याच सुमाराला घरोघरी केबल आली. आधी दोनच चॅनेलं होती, ती एकदम वीस-पंचवीस झाली, आणि त्यातल्या एकावर परदेशी मल्लांच्या कुस्त्या लागायच्या. चमकत्या चड्ड्या, रंगवलेले केस, धूर, आरडाओरडा. तुमचा बाबा शाळेतून आला की दप्तर न उतरवता बघत बसे. पैलवानाकडे टीव्ही नव्हता, म्हणून तोही येऊन जमिनीवर मांडी घालून बसे. पहिल्या दिवशी बघून झाल्यावर तो म्हणाला, "मॅडम, हे लढत नाहीत. नाचतात."

दुसऱ्या दिवशी म्हणाला, "पण नाचतात छान."

तिसऱ्या दिवशी उठताना त्याने गुडघा चोळला आणि म्हणाला, "हे मला जमेल."

पुण्यात हे करायचं सुचलेला तो एकटाच नव्हता. मांडव आणि लाउडस्पीकर भाड्याने देणारे एक गृहस्थ होते. त्यांनी दोरांचं रिंगण उभं केलं, चार-सहा जुने पैलवान आणि ड्रायव्हिंग स्कूलमधला एक धडधाकट मास्तर गोळा केला आणि फ्री स्टाइल कुस्त्यांचे खेळ सुरू केले. कधी पिंपरीच्या मैदानात, कधी वाघोलीच्या जत्रेत. कोण जिंकणार ते आधी ठरलेलं असे. तालमीत अशा ठरवून केलेल्या कुस्तीला नूरा कुस्ती म्हणतात, आणि ज्या तोंडाने म्हणतात ते तोंड नंतर धुतात.

माझा संबंध आला तो इंग्रजीमुळे. टीव्हीवरचे मल्ल कुस्तीआधी माइक हातात घेऊन एकमेकांना आव्हानं देत, तशी त्याला द्यायची होती, आणि ती इंग्रजीतच द्यायची होती. "मराठीत दिली तर लोकांना खरंच वाटेल, मॅडम. मारामारी होईल." मी एकच अट घातली, शिव्या नाहीत. त्याने लगेच मान्य केली आणि माझ्या सातवीच्या मुलींशेजारी, मोडेल म्हणून खुर्चीवर न बसता, सतरंजीवर वही घेऊन बसायला लागला.

मला आव्हानं लिहिण्याचा सराव नव्हता. मी माझ्या पद्धतीने, अर्जात लिहावी तशी सभ्य लिहिली. 'सर, युवर मॅनर्स लीव्ह मच टू बी डिझायर्ड.' 'आय रिग्रेट टू इन्फॉर्म यू दॅट यू आर अबाउट टू फॉल.' तो ती आरशासमोर पाठ करायचा. पिंपरीच्या मैदानात हजार माणसांसमोर, हवेत मूठ उगारून, तो गर्जायचा, "आय रिग्रेट टू इन्फॉर्म यू!" कुणाला अर्थ कळत नसे आणि सगळे शिट्ट्या मारत. एकदा त्याने 'रिग्रेट' गाळलं. परत आल्यावर मी विचारलं तर म्हणाला, "आज समोरचा फारच वाईट होता. खेद वाटलाच नाही."

त्याच्या अंगावरचा झगा माझ्या साडीचा. लग्नात कुणीतरी दिलेली राणी रंगाची रेशमी साडी, जरीच्या मोरांची. तो रंग अंगावर घालण्याचं धैर्य मला कधी झालं नाही. त्याने ती उलगडून बघितली आणि जरीच्या मोरांवरून हळूच बोट फिरवलं. शिंप्याची टेप छातीला पुरेना, म्हणून दोन टेपा जोडून माप घ्यावं लागलं. झगा घालून तो जिना चढून दाखवायला आला, तेव्हा आजोबा वर्तमानपत्र बाजूला करून म्हणाले, "बरं झालं. साडीला अखेर शोभेल असं माणूस मिळालं."

पहिल्या खेळाला आम्ही सगळे गेलो होतो. समोर होता काळा कोब्रा, म्हणजे मुखवटा घातलेला तो ड्रायव्हिंगचा मास्तर. ठरलं होतं ते असं, बारा मिनिटं झुंज आणि शेवटी कोब्रा जिंकणार. घंटा झाली. पैलवानाने सवयीने हात घातला, कोब्राला उचललं आणि अर्ध्या मिनिटाच्या आत त्याचे दोन्ही खांदे जमिनीला लावले. मातीतल्या कुस्तीत दोन्ही खांदे एकदम टेकले की माणूस चितपट, कुस्ती तिथेच संपली. पैलवान उठला, चारही बाजूंना वाकून सलामी दिली आणि झगा घ्यायला निघाला. मांडववाले गृहस्थ खालून हातवारे करत होते. कोब्रा पडल्या पडल्या हळूच म्हणाला, "अहो पैलवान, कुठे चाललात? अजून साडेअकरा मिनिटं आहेत."

पैलवान परत आला, कोब्राला हात देऊन उठवलं, कपड्यांवरची धूळ झटकून दिली आणि दोघं नव्याने लढायला लागले. शेवटी ठरल्याप्रमाणे कोब्राने त्याला पाडलं. घरी आल्यावर त्याने माझ्याकडे शेकायला गरम पाण्याची पिशवी मागितली. गुडघ्यासाठी असेल असं मला वाटलं. त्याने ती डाव्या खांद्यावर ठेवली.

मी म्हणाले, "इतका अभिनय केलात, आणि खरंच लागलं?"

"पडायलाही ताकद लागते, मॅडम," तो म्हणाला.

हरायची पाळी असेल त्या प्रत्येक खेळानंतर डावा खांदा दुखे, आणि जिंकला की दुखत नसे. मी त्या खेळांची कात्रणं आणि फोटो तारीखवार लावून ठेवत असे. तरी ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात यायला बारा वर्षं लागली. नीटनेटकेपणाचा आणि अकलेचा फारसा संबंध नसतो, हे मी तुम्हाला अनुभवाने सांगते.

पहिल्या खेळाची बातमी दुसऱ्या दिवशी तालमीत पोचली. वस्तादांनी त्याला बोलावलं. काय झालं ते त्यानेच मला सांगितलं, सतरंजीवर बसून, वहीकडे बघत.

वस्तादांनी विचारलं, "ठरवून पडलास?"

तो म्हणाला, "होय, वस्ताद."

"मंग या उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई."

एवढंच. वस्ताद मुळशीकडच्या गावातले, कमी बोलणारे. मी म्हणाले, "अहो, गुडघ्याचं सांगायचं. पोटाचं सांगायचं."

"त्यांनी ते विचारलं नव्हतं," तो म्हणाला.

तेव्हापासून त्याला जगात एकच गोष्ट हवी होती, त्या उंबऱ्याच्या आत पाऊल. तो गुलाबी गेंडा झाला. सलूनच्या फिती कापल्या, रिक्षांच्या पाठीवर त्याचं चित्र लागलं, कोथरूडमधली मुलं गल्लीत एकमेकांना "आय रिग्रेट टू इन्फॉर्म यू" म्हणत पाडू लागली. पण रोज सकाळी सहाला तो मोटारसायकलवरून पेठेत जायचा, तालमीच्या दारात वाकून उंबऱ्याला हात लावायचा, तो हात कपाळाला लावायचा आणि परत यायचा. आत वस्ताद पाठ करून उभे असत. त्याच्या मते ते मुद्दाम त्या वेळेला पाठ करत. "म्हणजे मी आलो हे त्यांना कळतं," तो म्हणायचा, आणि हे तो फार समाधानाने म्हणायचा.

आणि नागपंचमी. तालमीत ज्या हौद्यात कुस्ती खेळतात त्यातली माती नागपंचमीच्या आधी खणून ताजी करतात. तिच्यात तेल, हळद, ताक, लिंबाचा रस घालून ती लोण्यासारखी मऊ करतात. तालमीतला प्रत्येक जण त्यासाठी काहीतरी आणतो. लिंबं आणण्याचा मान पूर्वीपासून याचा. बंदी आली तरी दर वर्षी तो शंभर लिंबं निवडून घ्यायचा, पातळ सालीची, डाग नसलेली, आणि पिशवी उंबऱ्यावर ठेवून यायचा. दुसऱ्या दिवशी पिशवी उंबऱ्याच्या बाहेर ठेवलेली असे. न उघडलेली.

ती पिशवी तो माझ्याकडे आणून देई. "मॅडम, तुमच्या उपयोगाला येतील." मी लोणचं घालत असे. दर वर्षी श्रावणात शंभर लिंबांचं लोणचं. आमच्या घरी ते वर्षभर पुरे, चार शेजाऱ्यांकडे जाई, तुमच्या बाबाच्या डब्यात तर रोज असे. त्याला विचारा, तो अजून त्या चवीची आठवण काढतो. मी ते चांगलं घालत होते, पण बरणीचं झाकण लावताना दर वर्षी मला वाटे, हे लोणचं आपल्या घरी असायला नको होतं.

वर्षं गेली. टीव्हीवरचे खरे परदेशी मल्ल आणखी मोठे, आणखी चकचकीत झाले आणि पिंपरीच्या मैदानातली गर्दी आटली. मांडववाल्यांनी रिंगण विकून डीजेचे कर्णे घेतले. तोपर्यंत पुणं दुसरंच झालं होतं. खराडीला शेतं होती तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तुमचा बाबा इंजिनिअर होऊन तिथे कामाला लागला. रात्रीची हॉटेलं वाढली आणि त्यांना दारावर उभे करायला दांडगी माणसं हवी होती. पैलवानाला दोन-तीन ठिकाणांहून विचारणा झाली. त्याने नकार दिला. आजोबांनी कारण विचारलं.

"दारात उभं राहून लोकांना आत न सोडण्याचं काम आहे, साहेब," तो म्हणाला. "ते मला जमायचं नाही."



आता त्या फोटोकडे येते. तुमच्या बाबाच्या कंपनीत वर्षातून एकदा सगळ्यांच्या घरच्यांना बोलावून कार्यक्रम करत. त्या वर्षी बाबा आयोजकांत होता. त्याला कल्पना सुचली, कुस्ती ठेवू. गुलाबी गेंडा होणार कॉम्प्युटरमधला 'व्हायरस'. पैलवान खूष झाला, माझ्याकडून भाषण लिहून घेतलं, पाठ केलं. त्याच आठवड्यात बाबा जेवताना सहज म्हणाला, "आमच्या टीममध्ये एक मुलगी आहे, तिचे आजोबा पेठेत तालीम चालवतात." मी दोन प्रश्न विचारले आणि माझी खात्री पटली. ती वस्तादांची नात होती.

मी कधी कुणाच्या कामात पडत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा मात्र पडले. मी वस्तादांना पत्र लिहिलं, सुवाच्य अक्षरात, शुद्ध मराठीत. 'आपले एक जुने शिष्य आपली कला सादर करणार आहेत. आपण अवश्य यावे.' नातीबरोबर पाठवलं. पैलवानाला सांगितलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर चित्र होतं ते असं, झगा, टाळ्या, विजयी पैलवान आणि वस्तादांचं मन वितळतंय. नातीने निरोप आणला की वस्तादांनी पत्र दोनदा वाचून खिशात ठेवलंय.

शनिवारी दुपारी कंपनीच्या पार्किंगमध्ये रिंगण उभं होतं. वस्ताद फेटा बांधून, काठी धरून पहिल्या रांगेत बसले होते. नात म्हणाली, ते सकाळपासूनच तयार होऊन बसले होते. मी त्यांच्या शेजारची खुर्ची धरली आणि बाबाला विचारलं, "पैलवान कितव्या मिनिटाला जिंकणार?"

"जिंकणार?" बाबा म्हणाला. "आई, तो व्हायरस आहे. व्हायरस जिंकला तर कंपनी बंद नाही का पडणार? आमचे साहेब अँटीव्हायरस आहेत. ते जिंकणार."

साहेब म्हणजे चष्मा लावणारे, पन्नास-पंचावन्न किलोचे गृहस्थ. मी उठले आणि जवळजवळ धावत पडद्यामागे गेले. पैलवान झगा घालून, डोक्याला वायरींची शिंगं लावून तयार होता.

मी म्हणाले, "पैलवान, माझ्याकडून चूक झाली. समोर वस्ताद बसलेत. मीच बोलावलं."

 त्याने पडद्याच्या फटीतून बघितलं.

"त्यांच्यासमोर ठरवून पडलात तर संपलंच," मी म्हणाले. "पोटात दुखतंय म्हणून सांगा. मी डॉक्टरचं बघते."

"खोटं सांगू?"

"मग जिंका."

त्याने मला फटीतून दुसरीकडे बघायला लावलं. साहेबांच्या बायकोशेजारी दोन लहान मुलं पुठ्ठ्याची पाटी घेऊन बसली होती. "साहेब पंधरा दिवस घरी गादीवर सराव करतायत," तो म्हणाला. "पोरांना सांगून ठेवलंय, बाबा जिंकणार. आणि मी शब्द दिलाय. माझ्याकडे बघणारा एक आहे, मॅडम. त्यांच्याकडे बघणारी दोन आहेत."

मग शिंगं सरळ करून तो बाहेर पडला.

भाषण त्याने उत्तम केलं. "आय शॅल कन्झ्यूम युवर फाइल्स विदाउट सो मच ॲज अ बाय युवर लीव्ह!" परवानगीसुद्धा न मागता फायली खाणार, हे ऐकून सगळी इंजिनिअर मंडळी पोट धरून हसली. मी हसले नाही. मी वस्तादांकडे बघत होते. त्यांचा चेहरा तालमीच्या भिंतीसारखा होता.

साहेब पांढरी चादर पाठीला बांधून, पोहायचा चष्मा लावून आले. त्यांनी पैलवानाचा हात धरला, आणि पुढचं सगळं पैलवानानेच केलं. तो स्वतःच तीन गिरक्या घेऊन फिरला, दोरांवर आपटला, स्वतःच हवेत उडाला आणि कोलांटी खाऊन साहेबांच्या पायाशी पाठीवर पडला. साहेबांना बहुतेक खरंच वाटलं की हे आपण केलं. ते त्याच्या छातीवर बसले. सगळं पार्किंग ओरडलं, एक, दोन, तीन. त्याच क्षणी फोटो निघाला. साहेबांची मुलं आनंदाने खुर्च्यांवर उभी राहिली.

वस्ताद मात्र पुढे वाकले होते. मान तिरकी करून खाली कुठेतरी बघत होते, आपण सोफ्याखाली गेलेली वस्तू बघतो तसे. मग "हं" म्हणाले, काठी टेकून उठले आणि नातीला म्हणाले, "चल."

मला वाटलं, संपलं. एका पत्राने मी बारा वर्षांचं पाणी केलं.

पण ते फाटकाकडे गेले नाहीत, रिंगणाकडे गेले. मी मागोमाग गेले. साहेबांना लोकांनी खांद्यावर उचलून नेलं होतं. पैलवान अजून तसाच पडून होता, डोळे मिटून. वस्तादांनी दोरांखालून हात घातला, दोन बोटं जोडली आणि त्याच्या डाव्या खांद्याखालून सरकवली. बोटं सहज आरपार गेली. खांदा जमिनीला टेकलेलाच नव्हता.

पैलवानाने डोळे उघडले.

"कवापासून?" वस्तादांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून, वस्ताद."

"दर येळेला?"

"दर वेळेला. उजवा टेकवतो. डावा नाही."

"मला सांगितलं न्हाईस."

"तुम्ही विचारलंत, ठरवून पडलास का. पडलो होतो, होय म्हणालो. टेकलास का, ते विचारलं नव्हतंत."

वस्तादांनी बोटं बाहेर काढली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, याची अक्कल गुडघ्यात हाय. आन गुडघा तर कवाच मोडलाय."

मी मान डोलावली. 

"अंगावर मानूस बसलेला असताना खांदा धरून ठेवायचा," ते पुन्हा त्याला म्हणाले, "दुखत असंल."

"दुखतो."

"उद्या ये. चोळून देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मीही गेले, बाबाच्या गाडीवर मागे बसून. तालमीत बायका जात नाहीत, म्हणून समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. पैलवान दारात आला, वाकला, उंबऱ्याला हात लावला, कपाळाला लावला आणि बारा वर्षांच्या सवयीने परत फिरला. चार पावलं आला सुद्धा. आतून वस्तादांचा आवाज आला, "आता आत यायला विंग्रजीत पत्र पाठवू का?"

तो वळला आणि आत गेला. त्यानंतरचं मला दिसलं नाही. बाहेर फक्त तेलाचा वास आला.

तेव्हा तुमच्या प्रश्नातली दुसरी चूक. तो हरलेला नाही. पुढच्या वेळी बोलू तेव्हा मी फोटो कॅमेऱ्याजवळ धरीन. साहेबांच्या चादरीच्या टोकाखाली बघा, डावा खांदा आणि जमीन यांच्यामध्ये उजेडाची एक बारीक रेघ दिसेल. माझ्याकडे त्याचे असे अकरा फोटो आहेत, तारीखवार. प्रत्येकात ती रेघ आहे.

त्या वर्षीच्या नागपंचमीला त्याने नेहमीप्रमाणे शंभर लिंबं नेली. दुसऱ्या दिवशी मी बरण्या धुऊन, उन्हात वाळवून वाट बघत बसले. दुपार झाली, संध्याकाळ झाली. पिशवी आली नाही. ती आता हौद्यातल्या मातीत गेली होती.

आमच्याकडे त्या वर्षी प्रथमच दुकानातून लोणचं आणावं लागलं. आजोबांनी एक फोड चाखली, ताटाच्या कडेला ठेवली आणि म्हणाले, "पैलवानाची शिक्षा संपली. आमची सुरू झाली."